गोळ्या तू चुकवल्या नव्हत्यास

सुमे, काल दुकानाच्या मागच्या खोलीत सलाईनच्या बाटल्यांचा खोका फळीवरून खाली आला. धप्प आवाज झाला आणि मी गिऱ्हाइकासमोर अर्धी कापलेली गोळ्यांची पट्टी तशीच टाकून आत धावलो. खोक्यापासून दोन पावलांवर लक्षात आलं की आता धावायचं कारण उरलेलं नाही. तिथंच उभा राहिलो. बाहेरून गिऱ्हाईक विचारत होतं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही, खोका पडला." पंचवीस वर्षं हा कान तुझ्या पडण्याच्या आवाजाला लावून ठेवलेला होता. तो आता काढून कुठं ठेवायचा, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

तू गेल्याला आज एकोणीस दिवस झाले. दहाव्याला, तेराव्याला माणसं आली, सगळे चांगलंच बोलले. दोघी-तिघी बायका म्हणाल्या, "सुटली बिचारी." आईनं त्यांना तिथंच गप्प केलं. "सुटली काय म्हंता? आत्ता कुठं जगाय लागली हुती माजी पोर." जे बोलायचं होतं ते त्या माणसांपुढं बोलण्यासारखं नव्हतं. ते तुलाच सांगायचं आहे.

तू दीड वर्षाची होतीस तेव्हाचा तो ताप मला अजून दिसतो. मी दुसरीत होतो. तुझे डोळे वर गेलेले, हातपाय झटके देत होते आणि ते थांबतच नव्हतं. अण्णांनी मोटारसायकल काढली, आई तुला पदरात गुंडाळून मागं बसली, आणि वस्तीपासून कर्जतपर्यंत तू तशीच झटके देत गेलीस. दवाखान्यात सुई टोचल्यावर ते थांबलं. संध्याकाळी घरी आलीस ती खिदळतच. अण्णा म्हणाले, "तापातलं होतं, तापाबरोबर गेलं." पुढं नऊ-दहा वर्षं आम्ही सगळे तेच धरून चाललो. त्या दिवशी तुझ्या डोक्यात, उजव्या कानाच्या आतल्या अंगाला, काही मरून तिथं वण धरायला लागला असेल, हे कळायला तीस वर्षं जावी लागली. तोवर अण्णाही गेले होते.

अकराव्या वर्षी ते परत आलं, पण ओळखू येणार नाही असं. "पोटातून काहीतरी वर येतंय," तू म्हणायचीस, "जत्रेतला पाळणा खाली येताना होतं ना, तसं." मग नजर एका जागी थांबायची, ओठ काही चघळल्यासारखे हलायचे आणि उजवा हात झग्याचं टोक चोळत राहायचा. मिनिटभर. नंतर तू विचारायचीस, "काय म्हणत होते मी?" गुरुजींनी प्रगतिपुस्तकात लिहिलं, वर्गात लक्ष नसते. सातवीत मैदानावर पहिली मोठी फिट आली तेव्हा सगळ्या शाळेनं पाहिलं. कुणीतरी नाकाला चप्पल लावली. त्या दिवसापासून तुझं 'फिटवाली' हे नाव पडलं ते पडलंच.

मी नगरला डी. फार्मसी केलं ते बहिणीच्या आजारामुळं, असं मी लोकांना सांगतो. खरं तर बारावीला मार्कच तेवढे पडले होते. पण कर्जतला मेडिकल टाकलं आणि घरात मी तुझा अर्धा डॉक्टर झालो. डॉक्टरांनी एक गोळी दिली, काही महिने बरं गेलं, पुन्हा सुरू झालं. दुसरी जोडली. मग तिसरी. महिन्याला चार-पाच फिट ठरलेल्याच. मी गोळ्यांवर पोट भरणारा माणूस, सुमे. गोळीनं ताप उतरतो, साखर उतरते, हे मी रोज काउंटरवर बघत होतो. मग तुझीच फिट का थांबत नाही? या प्रश्नाला माझ्याकडं एकच उत्तर होतं. तू गोळ्या घेत नाहीस.

आणि नेमकं तेव्हाच मला ते सापडलं. तू तेव्हा वस्तीवर लिंबाची रोपं करायला लागली होतीस. विहिरीवर तुला जाऊ देत नव्हतो, शेततळ्याला मी तारेचं कुंपण घातलं होतं, विळा हातात देत नव्हतो. तेव्हा तूच म्हणालीस, पिशव्यांत माती भरून बी टोकायला तर काही धोका नाही ना? रोपांची ती रांग हलवताना एका पिशवीच्या मातीत मला दोन गोळ्या दिसल्या. पांढऱ्या, अर्धवट विरघळलेल्या. मी त्या तळहातावर घेऊन तुझ्यापुढं धरल्या.

"दोन दिवस टाकल्या," तू म्हणालीस. "डोकं लई जड होतं दादा. रोप उपटताना हात थरथरतो. पण दोनच दिवस. आईशपथ."

मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. त्या दोन गोळ्यांच्या जोरावर मी पुढची सात वर्षं काढली. रोज सकाळ-संध्याकाळ गोळी माझ्या हातानं द्यायची, वर पाणी, मग तोंड उघड, जीभ वर कर. सव्वीस वर्षांच्या बहिणीला मी जीभ वर करायला लावायचो. पट्ट्या मोजायचो. तरी फिट यायचीच, आणि आली की मी आईला म्हणायचो, "बघ, परत टाकली असणार कुठंतरी." तू भानावर येत असायचीस, जीभ चावलेली, अंग मोडून आलेलं, आणि पहिलं वाक्य कानावर पडायचं ते हे. पुढं मी तुला रोज दुकानातच आणायला लागलो. मागच्या खोलीत खाट टाकली. डोळ्यासमोर असलीस म्हणजे बरं. खाटेवर बसून तू भिंतीकडं बघत राहायचीस. एकदा म्हणालीस, "मीपण तुझ्या फळीवरचा माल झाले."

लग्नाचंही बोलायला हवं, कारण त्यावरही आपलं भांडण अर्धंच राहिलं. श्रीगोंद्याकडचं ते स्थळ आलं तेव्हा मी तुला बजावलं होतं, आजाराचं आत्ताच काढू नकोस, मी नंतर बोलेन. तू पोहे दिलेस, समोर बसलीस आणि मुलाच्या आईला म्हणालीस, "मला फिट येतात. महिन्याला चार-पाच. गोळ्या चालू आहेत पण थांबत नाहीत. पोहे घ्या ना." ते लोक पोहे संपवून गेले. मी संतापलो. तू म्हणालीस, "तुझ्या घरात एकजण माझ्यावर पहारा ठेवतो. तिथं दहा जण ठेवतील, तेपण फसवले म्हणून." माझ्या बायकोला, रेखाला, हसू आवरेना. नंतर ती चुलीपाशी रडलेली मी पाहिली.

फिटपेक्षा भीती वाटायची ती नंतरच्या दिवसांची. हे गावात कुणाला कळलं नाही, कळू दिलं नाही. एका मागोमाग तीन-चार फिट आल्या की एक दिवस तू ठीक असायचीस. जेवायचीस, बोलायचीस. आम्ही म्हणायचो, निभावलं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या डोळ्यांत कुणी दुसरंच उभं असायचं. एकदा तू दुधाचा पेला रेखाच्या अंगावर फेकलास. "ह्यात घातलंय," म्हणालीस. "मेडिकलवाला गोळ्या बदलतो. मला मारून टाकायचं ठरलंय तुमचं." आईनं हात धरायला पाहिलं तर तू तिला ढकललंस, तिचं कपाळ उंबऱ्यावर आपटलं. पाच दिवस तू माझ्या हातचं पाणी प्यायली नाहीस. मग एका सकाळी आपोआप उतरलं, आणि आईच्या कपाळावरची पट्टी बघून तू विचारलंस, "आई, कुठं पडलीस?"

आम्ही तिघांनीही एकदम सांगितलं, "पाय घसरला." पण तुला अर्धंमुर्धं आठवत असावं. त्यानंतर कितीतरी दिवस तू आईच्या डाव्या बाजूनंच बसायचीस. लागलं होतं ते उजव्या बाजूला.

आई म्हणाली, "हे बाहेरचं हाय. देवऋष्याकडं न्हेऊ." मी म्हटलं, हे स्वभावाचं आहे, लाडानं बिघडली. बघ, घरात दोनच मतं होती आणि दोन्ही चूक. नगरच्या डॉक्टरांनी ते पाच दिवस ऐकल्यावर लिहिणं थांबवलं. "तिसरी गोळी झाली, आता चौथी लिहून मी तुम्हाला फसवणार नाही," म्हणाले. "पुण्याला जा. डोक्याची नीट फिल्म काढा."

पुण्यात तुझ्या डोक्याला वायरी लावून पाच दिवस कॅमेऱ्यापुढं ठेवलं. तुझी फिट मी पहिल्यांदा टीव्हीवर पाहिली. घरी पाहताना मी कधी पाहिलीच नव्हती, तेव्हा मी धावतच असायचो. मॅडम शांतपणे दाखवत होत्या: हे बघा, आधी हात पोटाकडं गेला, आता ओठ, आता उजवा हात चादर चोळतोय. मग त्यांनी फिल्म उजेडावर धरली. डावीकडं एक छोटीशी गुंडाळी नीट भरलेली दिसत होती. उजवीकडची तीच गुंडाळी आक्रसलेली, आणि जास्त पांढरी.

"लहानपणी तापात मोठा झटका आला होता का?" त्यांनी विचारलं.

मी आईकडं पाहिलं. आईनं पदर तोंडाला लावला.

त्यांनी सांगितलं ते मी तुझ्यासाठी परत सांगतो, कारण त्या दिवशी तू अर्धं ऐकलं नाहीस, माझ्या चेहऱ्याकडंच बघत होतीस. म्हणाल्या, इथल्या पेशी मेल्यात. त्यांच्या जागी वण आहे. भाजलेल्या जागची कातडी जशी कडक होते, तसं. ज्या उरल्या त्यांनी एकमेकींशी भलत्याच जोडण्या केल्यात, म्हणून ठिणगी एकदा पडली की ती गोल गोल फिरत राहते. औषध तिथं पोचतं, पण तिथं त्याचं चालत नाही. आणि ही जागा आठवणीची आहे, तिच्या शेजारचीच भीतीची आणि रागाची. त्यामुळं फिटनंतरचे ते पाच दिवस, तो संशय, ही उदासी, यातलं बरंचसं तिथूनच येतंय. मुलगी मुद्दाम करत नाही.

तेव्हा मी तो प्रश्न विचारला. तुझ्यासमोर विचारला, याची लाज आजही वाटते. "मॅडम, ही मधूनमधून गोळ्या चुकवते, त्यामुळं तर नाही ना?"

मॅडमनी फाईल चाळली. तीन वेगवेगळ्या वेळचे रक्ताचे रिपोर्ट होते, ते माझ्यापुढं ओळीनं मांडले. "तुम्ही मेडिकल चालवता ना? वाचा. औषध रक्तात पुरेपूर आहे. तिन्ही वेळा. हिनं गोळ्या चुकवलेल्या नाहीत."

आई माझ्याकडं बघत होती. तू मात्र खिडकीकडं तोंड फिरवलंस. परतीच्या एसटीत चौफुला गेल्यावर तू एवढंच विचारलंस, "ऐकलंस ना?" मी म्हटलं, "हं." सात वर्षांना माझं हे उत्तर होतं, सुमे. हं.

मॅडम म्हणाल्या होत्या, तो भाग काढता येईल. उजवा आहे, त्यामुळं बोलण्याला धोका कमी; आठवणीला थोडा आहे; शंभर टक्के खात्री कुणी देणार नाही. तू एसटीतून उतरायच्या आत ठरवून टाकलंस. मी दीड वर्ष लावलं. आधी पाऊस, मग लिंबाचा हंगाम, मग दुकानाचं लायसन, रोज नवं कारण. खरं कारण एकच, मी घाबरत होतो. डोकं उघडून तुझा तुकडा काढायचा आणि नंतर शुद्धीवर येऊन तू मला ओळखलंच नाहीस तर?

"भीती माझ्या डोक्याची आहे का तुझ्या?" तू एकदा वैतागून विचारलंस.

"विसरलीस तर सगळं?"

"आत्ता काय लक्षात आहे? रेखावहिनीच्या बाळंतपणातलं एक दिसत नाही मला. दहावीचं वर्षच नाही. दादा, तू जे वाचवतोयस ते आधीच गेलंय."

त्या दीड वर्षात फिटनंतरचे ते दिवस आणखी दोनदा आले. दुसऱ्या वेळी शुद्धीवर आल्यावर तू आईसमोर हात जोडलेस आणि म्हणालीस, "मला परत कुणाला ढकलायचं नाही. मला न्या." आईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनंच पिशवी भरली.

ऑपरेशनच्या दिवशी मी बाकावर बसून होतो आणि काय करावं सुचत नव्हतं म्हणून समोरच्या पाटीवरची अक्षरं मोजत होतो. दुपारनंतर तुला बाहेर आणलं. डोक्याला पट्ट्या, डोळे सुजलेले. मी वाकून विचारलं, "मी कोण?" तू ओठ हलवलेस. मी कान जवळ नेला. "मेडिकलवाला," तू म्हणालीस, आणि हसायला गेलीस तर दुखलं. तिथं लोकांसमोर मी रडलो.

काही दिवसांनी काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. पेशी बऱ्याचशा मेलेल्या, त्यांच्या जागी वणाचं दाट जाळं. मॅडम जे म्हणाल्या होत्या तेच, आता काचेखाली बघून. तू माझ्याकडून तो दोनदा वाचून घेतलास. "केवढं असेल रे ते?" विचारलंस. मी म्हटलं, "खराब झालेलं असेल करंगळीएवढं." तू स्वतःची करंगळी वर धरून बराच वेळ बघत राहिलीस. "एवढ्याशानं माझी शाळा खाल्ली," म्हणालीस. मग माझ्याकडं बघितलंस. वाट बघत होतीस, मला कळत होतं. तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "चहा घेतेस?"

आणि फिट थांबल्या. एक महिना, दोन, सहा. आम्ही आनंदात असायला हवं होतं. पण चौथ्या महिन्यात तू रोपांमध्ये बसून तास तास रडायला लागलीस. कारण विचारलं तर म्हणायचीस, "आधी काही जमलं नाही तर आजाराचं नाव होतं. आता कुणाचं नाव सांगू? पस्तिशीला आले मी. मला एसटीचं तिकीटसुद्धा कधी स्वतः काढावं लागलेलं नाही." मॅडमनी सांगितलं, असं होतं, ऑपरेशननंतर मन खाली बसतं, बघा तिच्याकडं. त्यांनी आणखी एक गोळी दिली. ती हळूहळू लागू पडली. पण मला वाटतं, जास्त लागू पडली ती मिरजगावची जीप. तुझी रोपं घेऊन तू पहिल्यांदा एकटी बाजारला गेलीस तो दिवस. मी सात फोन केले. सातव्याला तू उचलल्या-उचलल्या म्हणालीस, "जिवंत आहे. ठेवू?"

त्यावरून संध्याकाळी आपलं जे भांडण झालं, ते मला शब्दानं शब्द पाठ आहे. तू तांब्या आपटलास. मी सवयीनं म्हणून गेलो, "हा तुझा राग नाही सुमे, हे आजाराचं आहे."

"तो तुकडा काढला ना? बरणीत गेला ना तो पुण्यात? मग हा राग कुणाचा?" तू उभी राहिलीस. "हा माझा आहे. चांगला धडधाकट राग आहे. तू सात वर्षं माझं तोंड उघडून बघितलंस त्याचा आहे. प्रत्येक गोष्ट आजारावर ढकलू नकोस, मलापण काहीतरी ठेव."

मी उठून बाहेर गेलो. त्या वेळी थांबलो असतो, तर तेव्हाच सगळं निघालं असतं. तुझं म्हणणं मला अजूनही पुरतं सोडवता आलेलं नाही. आईला ढकललं ते आजारानं, हे मी मान्य करून टाकलं. मग पोहे देताना खरं बोलून टाकलंस ते कुणी? मला न्या म्हणून हात जोडलेस ते कुणी? चांगलं तेवढं तुझं आणि वाईट तेवढं वणाचं, अशी सोयीची वाटणी मी करत होतो. तुला ती नको होती. तुला सगळंच तुझं हवं होतं.

नवव्या महिन्यात तू सुताराला बोलावून तुझ्या खोलीला आतून कडी बसवून घेतलीस. घरातल्या सगळ्या कड्या मी वीस वर्षांपूर्वी काढल्या होत्या, न्हाणीघराचीसुद्धा. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "गोळ्या चालू आहेत, फिट नाही, तिला थोडं जगू द्या. फक्त काही वेगळं जाणवलं तर लगेच कळवा." मी थोडं जगू दिलं. म्हणजे रोज सकाळी कडी वाजेपर्यंत चहा न घेता पडवीत बसायचो आणि कडी वाजली की पेपर वाचत असल्यासारखं दाखवायचो. तुला ते ठाऊक होतं. तू मुद्दाम कडी जोरात वाजवायचीस.

तीन-चार महिने असेच गेले आणि त्या सकाळी ती वाजली नाही. सात झाले, साडेसात झाले. मी हाका मारल्या. मग पहार आणली. तू पालथी होतीस, तोंड उशीत. एवढंच लिहितो.

डॉक्टर म्हणाले, झोपेत फिट येऊन गेली असावी. असं होतं कधी कधी, कुणी जवळ असतं तरी वाचलीच असती असं नाही. हे सगळे शब्द मी नीट ऐकले. आणि तिसऱ्या दिवशी, सावडून आल्यावर, तुला कळलं तर तू मला माफ करणार नाहीस असं काम मी केलं. तुझ्या खोलीत जाऊन गोळ्या मोजल्या. पट्ट्या काढल्या, तारखा लावल्या, बोटानं एक एक रिकामं घर चाचपलं. सगळ्या बरोबर होत्या. शेवटच्या रात्रीचीसुद्धा. रेखा दारात उभी होती.

"वन्संना गेल्या महिन्यात दोनदा पोटातून आलं होतं," ती म्हणाली. "तेवढंच. फिट नाही. मला म्हणाल्या, दादाला सांगू नको. तो कडी काढील. परत खाटेवर बसवील. पुण्याची तारीख जवळच आहे, तिथं मी स्वतः सांगीन."

पुण्याची तारीख आठ दिवसांवर होती.

मी रेखाला बोललो नाही, ओरडलोही नाही. तिच्यावर ओरडणं सोपं होतं. पण ज्या माणसाला कळल्यावर तो कडी काढील असं तुला वाटलं, तो माणूस मीच आहे, आणि तुझं बरोबर होतं. मी काढली असती. कदाचित तू वाचली असतीस. कदाचित नसतीस. मॅडमना फोन करून विचारलं तर त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही." दिवसातून दहा वेळा मी याच दोन वाक्यांमध्ये ये-जा करतो. रेखाही करत असणार. आम्ही एकमेकांना विचारत नाही.

काल दुपारी, त्या खोक्याचं आवरून झाल्यावर, एक बाई दुकानात आली. बरोबर चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. मिरजगावच्या पुढच्या वाडीतली. म्हणाली, "सुमनताईंच्या भावाचं दुकान हेच का? त्यांचा फोन लागंना." मी सांगितलं. ती स्टूल ओढून बसली. मग कळलं, बाजारात तू रोपं विकत असताना तुझ्यासमोरच या मुलीला झटका आला होता. तूच तिला कुशीवर वळवलंस, लोकांच्या चपला बाजूला केल्यास. तेव्हापासून सहा महिने तू त्यांच्याशी फोनवर बोलत होतीस. मला पत्ताही नाही.

"तीन गोळ्या झाल्या, थांबत न्हाई," बाई म्हणाली. "हिचे वडील म्हणायचे, पोरगी टाकून देती. ताईंनी फोनवर त्यास्नी झापलं. म्हणाल्या, आधी पुण्याला जा, मग तिला बोला. आता उद्याची तारीख मिळालीय. पर आमास्नी भ्या वाटतं. ताईंचं तर..." ती थांबली.

मुलगी ओढणीचं टोक हातात घेऊन माझ्याकडं बघत होती.

मी विचारलं, "आणखी काय म्हणायची ती?" मला तुझा आवाज हवा होता, कुणाच्या का तोंडून असेना.

"तुमचं सांगायच्या," बाई म्हणाली. "माजा दादा लई भित्रा हाय, म्हणायच्या. त्यानं मला लई छळलं. पर पंचवीस वरसात मी पडले आन तो आला न्हाई, असं एकदा न्हाई झालं."

सुमे, एकदा झालं. पण तुझं ते वाक्य मी ठेवून घेतो. त्याच्या बदल्यात माझं घे, उशिरानं का होईना: गोळ्या तू चुकवल्या नव्हत्यास. दोन दिवस सोडून एकही नाही. मला पुण्याच्या आधीच कळायला हवं होतं, आणि पुण्यानंतर तरी तोंडानं म्हणायला हवं होतं.

त्या बाईला मी काय सांगणार होतो? माझ्या जिभेवर तयारच होतं, जरा थांबा, हा हंगाम जाऊ द्या. मुलगी तेवढ्यात आईला हळूच म्हणाली, "मला जायचंय." मी त्यांना मॅडमचं नाव लिहून दिलं, फिल्म कुठं काढायची ते सांगितलं, काही वेगळं वाटलं तर मुलीनं न घाबरता घरी सांगावं आणि घरच्यांनी ऐकून तिला कोंडून घालू नये, हे दोनदा सांगितलं. वडिलांना फोन लावून तेच परत सांगितलं. आणि म्हटलं, जा.

आज सकाळच्या गाडीनं ते गेलेत. अकराला त्यांचा नंबर होता. आता दीड वाजलाय आणि फोन अजून आलेला नाही. मी करणार नाही, असं ठरवलंय. मी त्यांना जा म्हणालो, सुमे. बरोबर केलं ना?